दुसरा गाल, तालुका अकोले

आमच्या गावाला पत्त्याचं दुखणं आहे. नुसतं 'अकोले' लिहिलं तर पार्सल आधी विदर्भातल्या अकोल्याची हवा खाऊन येतं. म्हणून आम्ही लग्नपत्रिकेवरसुद्धा 'ता. अकोले, जि. अहमदनगर' असं ठळक छापत आलो आणि आता 'जि. अहिल्यानगर' छापायची सवय करतो आहोत. या बाबतीत मला मीखा संदेष्ट्याबद्दल खास आपुलकी वाटते. इस्राएलात बेथलेहेमं दोन होती, एक यहूदात आणि एक उत्तरेला जबुलूनच्या वाट्यात. तारणारा कुठं जन्मेल हे सांगताना मीखानं 'बेथलेहेम एफ्राथा' असा पूर्ण पत्ता दिला. दिला नसता, तर मागी लोक सोनं, ऊद नि गंधरस घेऊन भलत्याच स्टँडवर उतरले असते.

सांगायचं हे, की बायबल हे गावाकडचं पुस्तक आहे. मुंबई-पुण्याच्या ख्रिस्ती माणसाला पेरणाऱ्याचा दाखला समजावून सांगावा लागतो. आमच्याकडे पाळकसाहेब तो वाचू लागले की मागच्या सतरंजीवरून प्रश्न येतो, "साहेब, बी कुठलं होतं? गावरान का हायब्रीड?" याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाल्यापासून तर या प्रश्नाला फारच वजन आलं आहे. पाळकसाहेब उत्तर देत नाहीत. ते पुढच्या ओवीकडे जातात.

आम्ही ख्रिस्ती इथं थोडे. मोठ्या चर्चमध्ये माणसाला गर्दीत लपता येतं. इथं एक घर गैरहजर राहिलं तरी गाणं पातळ होतं. पण खरी अडचण संख्येची नाही, परीक्षकांची आहे. धडा शिकतो आम्ही रविवारी, आणि परीक्षा घेतात शेजारी, सोमवार ते शनिवार. त्यांनी बायबल उघडूनही पाहिलेलं नसतं. तरी त्यातल्या चार गोष्टी त्यांना पक्क्या पाठ असतात: दुसरा गाल, दुसरा मैल, क्षमा आणि शेजाऱ्यावर प्रीती. चारही त्यांच्या फायद्याच्या.

दुसऱ्या मैलाचंच घ्या. रोमन शिपायाला वाटेतल्या कुणालाही पकडून आपलं ओझं मैलभर वाहायला लावता यायचं. येशूनं सांगितलं, त्याच्याबरोबर आणखी एक मैल जा. अकोल्यात रोमन शिपाई नाहीत, पण मोटरसायकल असलेला ख्रिस्ती माणूस आहे. "भाऊ, तेवढं स्टँडपर्यंत सोडता का?" इथून सुरुवात होते. स्टँडवर एसटी नुकतीच गेलेली असते. ती नेहमी नुकतीच गेलेली असते. मग पाहुणा मागच्या सीटवरून न उतरताच म्हणतो, "तुमच्यात ते दोन मैलांचं काहीतरी आहे ना?" राजूर इथून वीसेक किलोमीटर. मैलांचा हिशेब पाळकसाहेबांना विचारला, तर ते म्हणाले, "पेट्रोलबद्दल शास्त्र काही सांगत नाही." राजूरला उतरल्यावर पाहुण्यानं पावशेर पेढे हातावर ठेवले, त्यामुळे शास्त्राचा फार मोठा भंग झाला नाही.

पावसाचा उपदेश तर आमच्या तालुक्यात जपूनच करावा लागतो. देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, असं पाळकसाहेब म्हणाले मात्र, एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. "साहेब, पाऊस पडतो आमच्या घाटघर-रतनवाडीला. कळसूबाईच्या पायथ्याला माणसं इरलं घेऊन चिखलात उभी. आणि भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी जातं खाली राहात्याला नि श्रीरामपूरला. ते धरण १९२६ साली पुरं झालं. तेव्हापासून आमी इचारतोय, यात नीतिमान कोण?" सभेत शांतता पसरली. शेवटी पाळकसाहेबांनी निवाडा दिला, "पाऊस देवाच्या हातात आहे. आवर्तन पाटबंधारे खात्याच्या." सगळ्यांनी आमेन म्हटलं. इतकं एकमुखी आमेन नाताळातही होत नाही.

द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा प्रयोग आमच्यातल्या एका बांधवानं भाताच्या आवणीला केला. दाखला असा, की मालक पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, अगदी दिवस कलताना लावतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज देतो. बांधवानं तसंच केलं. सकाळपासून चिखलात वाकलेल्या बायांनी पैसे मोजले, चार वाजता आलेलीच्या हातातले पाहिले आणि कमरेवर हात ठेवले. त्यानं उत्साहानं संपूर्ण दाखला सांगितला. टोळीतली वयस्कर बाई नीट ऐकून म्हणाली, "दादा, गोष्ट ग्वाड हाये. पर त्या मालकाला दुसऱ्या दिशी मजूर मिळाले का, त्ये लिव्हलंय का?" मत्तयानं ते लिहिलेलं नाही. आमच्या बांधवाच्या बाबतीत मात्र उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. उरलेली आवणी त्यानं सहकुटुंब केली.

सगळ्यात अवघड पेपर बांधाचा. नगर जिल्ह्यात भावाभावांत बांधावरून कोर्ट होतं, तिथं शेजाऱ्याची काय कथा. एका ख्रिस्ती शेतकऱ्याचा शेजारी दर नांगरटीला बांध तासभर कोरायचा; तास म्हणजे नांगराचा, घड्याळाचा नव्हे. बोलायला गेलं की हसून म्हणायचा, "तुम्ही काय बाबा, दुसरा गालवाली माणसं!" एक गाल देऊन झाला, दुसरा देऊन झाला, आता तिसऱ्या गालाची मोजणी आणायची वेळ आली. तेव्हा त्या शेतकऱ्यानं एका रात्री बसून जुना करार उघडला आणि त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात त्याला ठेवा सापडला: शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्याला तिथं चक्क शाप आहे. आणि सगळ्या लोकांनी त्यावर आमेन म्हणायचं, असंही सांगितलं आहे! दुसऱ्या दिवशी त्यानं तो उतारा बांधावर उभं राहून खड्या आवाजात वाचला. शेजारी कुळवाचा दांडा सोडून ऐकत राहिला. "हे बी तुमच्याच पुस्तकात हाय?" त्यानं विचारलं. बांध पूर्ववत झाला नाही, पण पुढं सरकायचा थांबला. गावात बातमी पसरली, की यांच्या पुस्तकाला दोन भाग आहेत आणि पहिला जरा कडक आहे.

आम्हीही एकमेकांची परीक्षा घेतो, नाही असं नाही. कापणीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं फळ देवापुढं आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, अशी शिकवण. पण भोपळ्याची बोली लागली की दोन्ही हात वर असतात आणि तिसरा मोबाईलवर शूटिंग करतो. एकदा एका आजीनं आपली तांबडी कोंबडी अर्पण केली. लिलावात कोंबडीनं तिच्याकडं पाहिलं. आजीनं स्वतःच बोली लावली, भाव चढला, आणि बाजारात दोन कोंबड्या आल्या असत्या एवढे पैसे मोजून ती आपलीच कोंबडी काखेत घेऊन घरी गेली. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचा दाखला त्या दिवशी वेगळा वाचावा लागला नाही.

हा सगळा घोळ जिल्ह्याला नवा नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, 'ज्ञानोदय' निघालं १८४२ साली. तेव्हापासून इथं वचन आणि संसार एकाच चुलीवर शिजतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक हातात येईल ते देऊन मोकळे व्हायचे. उद्याची चिंता करू नका, हे त्यांनी अगदी मनावर घेतलं होतं. उद्याची चूल कशी पेटायची, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बघायचं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं आहे त्यांना ठाऊक आहे, की त्या घरातला खरा उपदेश पुष्कळदा स्वयंपाकघरातून व्हायचा आणि तो हसत हसत व्हायचा.

म्हणून माझं मत असं झालं आहे. प्रवचन कसं झालं हे उपासनेनंतर चहा पिताना विचारू नये. तिथं सगळे छान म्हणतात. कुणाला बायबल किती कळलं हे जाणून घ्यायचं असेल, तर पाळकांनाही विचारू नका आणि त्या माणसाला तर नकोच. त्याच्या बांधाला ज्याचा बांध आहे, त्याला विचारा. तो खरं सांगेल, आणि वर दोन मैल सोडायलाही सांगेल.