सव्वाबाराचं स्टिअरिंग

कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या पट्ट्यात गाव मोठं असो की चार घरांची वस्ती, जुन्या ट्रॅक्टरचा एक मालक तिथं असतोच. कुणी त्याला तात्या म्हणतं, कुणी आण्णा. आपण आबा म्हणू. आबांना शेती आहे, पण ती मुलगा बघतो. आबा ट्रॅक्टर बघतात. चालवतात असं मी म्हटलेलं नाही.

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन ३५च्या घराण्यातला. सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांना आबा मुलीच्या आधी या घराण्याची माहिती देतात. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९५६ साली जन्म, तेव्हा अंगावर करडा आणि सोनेरी रंग. पुढच्याच वर्षी मॅसीचा लाल चढला. नंतर मद्रासच्या टाफेनं हे घराणं आपल्याकडं नांदवलं. पाहुण्यांचा चहा संपला की आबा त्यांना गोठ्यात नेऊन ट्रॅक्टरवर बसवतात आणि म्हणतात, "फिरवून बघा."

पाहुणे स्टिअरिंग फिरवतात. चाकं जागची हलत नाहीत.

याला मिस्त्री 'प्ले' म्हणतात आणि आबा तो घड्याळात मोजतात. बारावर धरलेला हात सव्वाबारावर आला की चाकांना निरोप पोचतो. सव्वाबारा म्हणजे तब्येत ठणठणीत. साडेबारा झाले की पान्ह्यांची पेटी निघते. मुलगा म्हणतो, "आबा, देवळाकडं वळायचं तर शाळेपासनं फिरवायला लागतंय." आबा शांतपणे म्हणतात, "मग फिरव की. शाळा कुठं पळून चाललीया?"

या स्टिअरिंगची रचना मात्र खरोखर बघण्यासारखी आहे. बॉक्समध्ये वर्म, त्यावर स्टीलच्या बारीक गोळ्यांवरून सरकणारा नट, बॉक्सच्या दोन्ही अंगांना एकेक ड्रॉप आर्म आणि प्रत्येक चाकाला स्वतःची ड्रॅग लिंक. दोन चाकांना एकमेकांशी बांधणारा आडवा टायरॉड नाहीच. म्हणजे दोन्ही चाकं आपापली बातमी थेट बॉक्सकडून घेतात. लिंकेचे बॉल जॉइंट झिजले, किंगपिनचे बुश गेले, ड्रॉप आर्मच्या खाचा गुळगुळीत झाल्या, की डावं चाक देवळाकडं जातं आणि उजवं अजून विचार करत असतं. शिवाय पुढचा एक्सल मागं कललेला. सरीच्या रुंदीप्रमाणे चाकांतलं अंतर वाढवा किंवा कमी करा, स्टिअरिंगच्या दांड्यांना हात लावावा लागत नाही. ही हॅरी फर्ग्युसनची करामत. तो १९६० साली वारला, पण आबा अजून 'आमचे फर्ग्युसनसाहेब असं म्हणायचे' अशी सुरुवात करतात. साहेब काय म्हणायचे ते दर वेळी वेगळं असतं.

सुटे भाग आबा दुकानातून घेत नाहीत. दुकानात नवा माल मिळतो, आणि नव्या मालावर आबांचा विश्वास नाही. पंचक्रोशीत कुठला ट्रॅक्टर कुठल्या चिंचेखाली किती वर्षं उभा आहे, याची नोंद तलाठ्याकडं नसेल, आबांकडं असते. भावाभावांच्या वाटणीत अडकलेला ट्रॅक्टर त्यांच्या विशेष आवडीचा. थोरला म्हणतो पुढचा एक्सल माझा, धाकटा म्हणतो बॉक्स माझा. आबा दोघांचं सांत्वन करतात आणि दोघांकडून एकेक वस्तू नेतात. ते कुणाच्या बाराव्याला निघाले की मुलगा विचारतो, "पिशवी मोठी देऊ का बारकी?" एकदा दुखवट्याच्या घरी डोळे पुसत पुसत आबांनी विचारलं होतं, "फार वाईट झालं. आणि डावी ड्रॅग लिंक कुणाच्या वाट्याला आली?"

अशा आणलेल्या भागांचं माप कधीच जुळत नाही. मग आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातात. तिथले लेथवरचे कारागीर हातात दिलेल्या नमुन्यावरून बुश कातून देतात. आबा तिथं सकाळी जातात आणि दिवे लागल्यावर परततात. बुश तासाभरात होतो. बाकीचा वेळ कारागिराला फर्ग्युसनसाहेब सांगण्यात जातो.

खोलायचा सोहळा अंगणात. बॉल जॉइंटची निमुळती दांडी आर्मच्या डोळ्यात घट्ट बसलेली असते, ती नट सैल करून खालून ठोकली तर आटे मरतात. आबा दोन हातोडे मागवतात. एक डोळ्याच्या एका बाजूला टेकवायचा, दुसऱ्यानं समोरून हाणायचं. कानात दडे बसवणारा आवाज होतो, म्हैस दावं तोडते आणि जॉइंट टपकन खाली पडतो. ड्रॉप आर्म काढण्याआधी मात्र शाफ्टवर आणि आर्मवर छिन्नीनं खूण करायची. एक खाच चुकली तर स्टिअरिंग सरळ आणि ट्रॅक्टर तिरका. शेवटी नातवाला सुतळी धरायला लावून चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजतात. पुढून किंचित कमी यायला हवं. नातू उंच होत चालला आहे, त्यामुळे हे माप दरवर्षी बदलतं असा घरच्यांना संशय आहे.

गुडघे दुखतात म्हणून आबांना डॉक्टरांकडं नेलं. सांध्यातलं अंतर कमी झालंय, डॉक्टर म्हणाले. आबांनी विचारलं, "शिम घालून भागंल का बुशच बदलणार?"

सुनेनं एकदा पॉवर स्टिअरिंगचा विषय काढला होता. जुन्या ट्रॅक्टरलाही ते बसवता येतं. आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बोटानं फिरतंय ते स्टिअरिंग असतंय व्हय? ती तर फोनची तबकडी." दोन ट्रॉल्या ऊस मागं लावून चढ चढताना पुढचा भाग हलका होतो, चाकं जमिनीला टेकतात न टेकतात. अशा वेळी कुठलंच स्टिअरिंग कामाला येत नाही, डाव्या-उजव्या ब्रेकवर वळवावं लागतं. हे आबांना ठाऊक आहे. त्यांच्या ट्रॅक्टरला सपाटीवरही तसंच वळवावं लागतं, एवढंच.

तरी एक गोष्ट आबांच्या बाजूनं सांगायला हवी. बॉल जॉइंटचा खाचांचा नट आवळला की त्यात स्प्लिट पिन घालतात. तिच्या जागी तार, खिळा, सुनेची केसातली पिन असले प्रकार या भागात सर्रास चालतात. आबांकडं नाही. आख्खा ट्रॅक्टर उसनवारीचा, पण स्प्लिट पिन दर वेळी कोरी आणि दुकानातून बिल घेऊन आणलेली. तार घालणाऱ्या एका पोराला त्यांनी पाहुण्यांसमोर मुस्काडात मारली होती. स्टिअरिंगच्या बाबतीत मला आबांचं एवढं एक मत पूर्ण मान्य आहे, मुस्काडीसकट.

तुमच्याकडं जुना मॅसी असेल तर आबांकडं जरूर न्या. फक्त कारखान्यांची धुराडी पेटायच्या तोंडावर नेऊ नका, हंगाम संपल्यावर न्या. मजुरी ते घेत नाहीत. नेण्याआधी आपल्या ड्रॅग लिंकांचे फोटो तेवढे काढून ठेवा.