१४ इंचांची खुर्ची

विकत घेतलेली सीडी दुकानात परत न्यायची वेळ माझ्यावर एकदाच आली. बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची सीडी होती, वाजवणारा ग्लेन गूल्ड. ऐकायला बसलो आणि थोड्याच वेळात पियानोच्या मागून कुणीतरी कण्हायला लागलं. आधी मला वाटलं, शेजारचे काका. त्यांची खिडकी बंद होती. स्पीकरच्या वायरी काढून पुन्हा लावल्या, तरी कण्हणं चालूच. आतून बायको म्हणाली, “अहो, कुणाचं पोट दुखतंय का?”

दुकानदाराने सीडी उलटसुलट केली आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, तो वाजवणाराच आहे. वाजवताना गातो तो. गाण्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.”

मला त्या वाजवणाऱ्याचा हेवा वाटला. लहानपणी मी पेटी शिकायला जात असे. मी जरा गुणगुणलो की गुरुजी म्हणायचे, “तोंड मीट आणि पेटी वाजव. दोन्हीकडून बेसूर नको.” टोरोंटोत १९३२ साली जन्मलेल्या गूल्डची पहिली गुरू त्याची आईच होती. तिने त्याला स्वर गात गात वाजवायला शिकवलं आणि ती खोड जन्माला चिकटली. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी नाना उपाय केले, पण गाणं थांबवलं की वाजवणं बिघडतं, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य मला गुरुजींच्या हयातीत सुचलं असतं तर!

गूल्डच्या वडिलांचा धंदा फरच्या कपड्यांचा. म्हणून असेल किंवा नसेल, पण चिरंजीव भर उन्हाळ्यात ओव्हरकोट, मफलर आणि हातमोजे घालून हिंडायचे. कार्यक्रमाआधी हात गरम पाण्यात बुडवून बसायचे. आमच्या गवयांची लवंग, खडीसाखर आणि कानटोपी पाहिलेल्यांना यात काही विशेष वाटणार नाही. खरा प्रकार पुढेच आहे. वडिलांनी पत्ते खेळायच्या एका घडीच्या खुर्चीचे पाय कापून दिले. बैठक जमिनीपासून जेमतेम १४ इंच. आपल्या चौरंगाचं भावंडच म्हणा. तिच्यावर बसला की नाक पट्ट्यांना टेकतंय की काय असं वाटायचं. जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत उत्तमोत्तम आसनं हजर असत, हा गडी आपली खुर्ची बगलेत मारून जायचा. १९५७ साली मॉस्को-लेनिनग्राडचा दौरा केला, तेव्हाही खुर्ची तीच.

१९५९ साली पियानो बनवणाऱ्या स्टाइनवे कंपनीच्या एका तंत्रज्ञाने त्याच्या खांद्यावर प्रेमाने थाप मारली. झालं! खांदा गेला, हात गेला, काही आठवडे प्लास्टर आणि शेवटी कंपनीवर ३,००,००० डॉलरचा दावा. तडजोड झाली ९,३७२ डॉलर आणि ३५ सेंटवर. या माणसाला कुणी वेडा म्हटलं की मी ते ३५ सेंट दाखवतो. वेडा माणूस सुटे पैसे सोडून देतो. आणि आमच्याकडे मैफल संपल्यावर कलावंताच्या पाठीवर जे धपाटे पडतात, त्यांचा दर याच हिशेबाने लावला तर निम्मी संगीत मंडळं बुडतील.

१९६२ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्टो होता. गूल्डला तो संथ हवा होता, फारच संथ. वाद्यवृंदाचे संचालक लेनर्ड बर्नस्टाइन सुरुवातीलाच प्रेक्षकांपुढे उभे राहिले आणि सांगून मोकळे झाले की, ही लय मला पटलेली नाही, तरी मी साथ करतोय. तबलजीने माईक हातात घेऊन असं काही म्हटल्याचं कधी ऐकलंय? आमच्याकडे असलं बोलणं मैफल संपल्यावर, चहाच्या टपरीवर होतं.

टाळ्यांचा त्याला मनापासून तिटकारा. टाळ्यांवर बंदी घाला, असा लेखच त्याने लिहिला. अखेर १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिसला वाजवलं आणि वयाच्या ३१व्या वर्षी मैफली कायमच्या बंद. निरोप समारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही. आपल्याकडे ३१व्या वर्षी माणूस ‘उदयोन्मुख’ असतो. पुढे उरला फक्त स्टुडिओ, आणि मध्यरात्री मित्रांना लावलेले तासन्‌तासांचे फोन. श्रोते नकोत म्हणणाऱ्याला बोलायला मात्र श्रोता लागायचाच.

१९५५ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ज्या ‘गोल्डबर्ग’ने त्याला नाव मिळवून दिलं, तेच त्याने १९८१ साली पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. तेव्हाची ३८ मिनिटं आता ५१ झाली. मी दोन्ही ऐकतो. घाईत असलो की पहिलं, आणि बायको माहेरी गेली की दुसरं. दुसऱ्यातलं कण्हणं जास्त स्पष्ट ऐकू येतं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरात, वयाच्या पन्नाशीत तो गेला.

खुर्ची शेवटपर्यंत तीच होती. गादी केव्हाच झिजून गेली होती, मधल्या लाकडी पट्टीवर बसून तो वाजवत असे. आता ती कॅनडात काचेच्या पेटीत जपून ठेवली आहे. कुणी हात लावू नये, अशी काळजी घेतात. बसण्याचा प्रश्नच नाही, कारण बसायला तिच्यात काही उरलेलं नाही.