हाकारा

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीचा वास जसा नाकाच्या अंगवळणी पडला, तसाच गावोगावचा हा प्राणीही. वय पंधरा-सोळा. जूनच्या चिकचिकाटातही अंगात काळी हुडी, कारण यूट्यूबवरचा प्रत्येक हॅकर तशीच घालतो. त्यांच्या खोलीत एसी असतो, याच्या डोक्यावर पत्रा.

भाषा त्याची स्वतंत्र. हरला तो नूब, आणि ज्याने याला हरवलं तो नक्की हॅक लावून खेळतो. बाकी सगळं ‘विषय हार्ड’. इन्स्टाग्रामवर नाव लिहिताना ए-च्या जागी 4, ई-च्या जागी 3. अक्षरांच्या जागी आकडे घालण्यात एवढा पटाईत, पण बीजगणितात तेच करायची वेळ आली की पोटात दुखतं.

आजीच्या कानाने ‘हॅकर’चा ‘हाकारा’ केला. “आमचा नातू रात्रभर हाकारा घालतो,” ती कौतुकाने सांगते. पूर्वी डुकराच्या शिकारीत हाकारा घालणारे नुसती बोंबाबोंब करून रान उठवीत, बंदूक दुसऱ्याच्या हातात. म्हातारी नेमकं बोलली. जाणकार अशा पोराला ‘स्क्रिप्ट किडी’ म्हणतात: प्रोग्रॅम दुसऱ्याचा, मिरवणूक याची. मराठी कानाला त्यात ‘किडा’ ऐकू येतो, तेही चूक नाही.

त्याचा आजवरचा पराक्रम एकच. शेजारचे काका नाइट शिफ्टला गेलेले. याने टर्मक्स अ‍ॅपवर तीन तास हिरवी अक्षरं पळवली, कंटाळून काकांच्या राउटरला नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ टाकलं. उघडलं! वायफायचं नाव झालं ‘रोह्याचा डॉन’. सकाळी काकांनी केबलवाल्याला झापलं.

हसू येतं खरं. पण 2016 साली अमेरिकेत विशीच्या आसपासच्या पोरांच्या ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले, कोणी न बदललेले असलेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. मूळ भानगड माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरांची. त्यांनी निदान प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता; आमचा गडी व्हिडिओखालची ओळ जशीच्या तशी चिकटवतो. आयटी कायद्याच्या कलम 66 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याला कलम ठाऊक ते आंब्याचं.

परवा त्याने मोबाइल गेमच्या ‘फुकट डायमंड’च्या लिंकवर स्वतःचाच पासवर्ड भरला. तासाभरात त्याच्या अकाउंटवरून साऱ्या नातेवाइकांना पैसे दुप्पट करायचं आमंत्रण गेलं. हुडी काढून तो पडवीत बसला.

“काय रे,” आजी म्हणाली, “डुक्कर मागनं आलं वाटतं?”