बाबूजींची पोच

आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसात आवक-जावक टेबलावर बाबूजी बसतात. जगातली कुठलीही वस्तू आपोआप इकडून तिकडे जाते, हे त्यांना मान्य नाही. कागद कोणीतरी नेला तरच जातो. भामरागडला मेल टाकला की लगेच फोन: "टाकला जी. पोचला का?" पर्लकोटेला पूर आला की फोनही लागत नाही. मेल भामरागडात नव्हे, दूरच्या सर्व्हरवर उतरतो आणि तिकडच्या माणसाला रेंज मिळाली की दिसतो, असं मी समजावलं. "म्हणजे पोस्टात पडून आहे," बाबूजी म्हणाले आणि रजिस्टरात पोचेचा रकाना कोरा सोडला.

26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा बाबूजी शाळेत होते. पण मूल-सावलीमार्गे दप्तर कसं गेलं, हे ते असं सांगतात की ट्रकवर गठ्ठ्यांवर तेच बसले होते. गंमत म्हणजे त्याच ऑगस्टात तिकडे कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल यांनी एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल कसा सोपवायचा याचे नियम छापले. सुधारत सुधारत ते आजही चालतात. बाबूजींना हे सांगितलं, तर म्हणाले, "जीआर नंबर काय?"

2025 च्या ऑक्टोबरात बातमी आली की केंद्राच्या 12 लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहोच्या यंत्रणेवर गेले. बाबूजींनी चष्मा पुसला. "12 लाख! यादी कोणी केली असेल?"

पुढे आमचेही जुने मेल नव्या सर्व्हरवर न्यायचं ठरलं. एका प्रोग्रॅमला दोन्हीकडचे पासवर्ड द्यायचे; तो रात्रभर एकेक मेल उचलून पलीकडे त्याच फोल्डरात ठेवतो. लावायचा आणि घरी जाऊन झोपायचं.

"चार्ज असा देतेत का रे?" असं म्हणत बाबूजी रात्री थर्मास, मफलर आणि रजिस्टर घेऊन हजर.

"मूळ मेल जागेवरच राहतो, बाबूजी. पलीकडे प्रत जाते. जुनं मागाहून पुसायचं."

"मंग सत्यप्रत म्हण. सही कोणाची?"

मग साहेबांची काळजी. त्यांचे न उघडलेले साडेतीन हजार मेल न उघडलेलेच पोचायला हवेत; नाहीतर ते साहेबांनी वाचले, असा अर्थ निघेल! उघडल्या-न उघडल्याची खूणही सोबत जाते हे कळल्यावर बाबूजींनी पहिल्यांदा स्क्रीनकडे आदराने पाहिलं.

दोन वाजता लाइट गेली. आली तेव्हा प्रोग्रॅम पुन्हा लावला. आता सगळं डबल होणार, या धसक्याने बाबूजी उभेच राहिले. मी दाखवलं: प्रत्येक मेलच्या पोटात त्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक असतो, गेलेला पुन्हा जात नाही.

"जावक क्रमांक आहे म्हण की!" ते बसले. चहा ओतला. मलाही दिला.

पहाटे त्यांच्या पेटीची मोजणी. नव्या सर्व्हरवर दोन मेल जास्त. तासभर शोधाशोध. बाबूजी घामाघूम, मी चक्रावलेला. अखेर सापडले. पहिला रात्री अडीचचा, बाबूजींनी मोबाइलवरून स्वतःलाच टाकलेला: "सर्व टपाल सुखरूप पोचल्यास उलट टपाली कळवावे."

दुसरा दोन पस्तीसचा, त्यांचाच: "पोचले."