तांबडीच्या पोटातली गोष्ट

"रंजने, तुझ्या त्या तांबड्या तलंगेला काय झालंय गं? दाण्यावर पहिली तीच तुटून पडते, आणि अंगावर मांस म्हणशील तर नावाला नाही."

"नजर लागली, आक्का. सासूबाईंनी मीठ-मिरची ओवाळून टाकली."

"टाकू देत. तू आधी तिचा तुरा बघ, कसा पांढुरका पडलाय. जंत आहेत तिला. आमचा कोंबडा कापला तेव्हा आतड्यात बोटभर लांब, शेवयांसारखे निघाले. नातवानं त्या दिवसापासून शेवयांची खीर सोडली!"

"शी! म्हणजे माझा सगळा मका तेच खातात?"

"नुसते खाते तर परवडलं असतं. दवाखान्यातले डॉक्टर सांगत होते, बारके जंत आधी आतड्याच्या अस्तरात शिरतात. ते सुजतं, सोलवटतं. आणि दाण्यातला कस अंगात उतरतो तो त्याच अस्तरातून. मग मका घाल की काजू घाल, मागच्या दारानं बाहेर!"

"कोपऱ्यावरच्या वहिनींच्या अंड्यात म्हणे जंत निघाला. खरं का?"

"क्वचित होतं तसं. जंत मागून अंडनळीत चढतो आणि वरून कवच बसतं. खानावळवाल्यानं त्यांची अंडी बंद केलीत. माझं नाव सांगू नकोस हं!"

"मी सोमवारीच पाण्यातून पाइपराझिन पाजलं."

"त्यानं गोल जंत पडतात, चपटे हलत नाहीत. ते येतात मुंग्या, किडे, माश्या टिपून. शिटेत पांढरे तुकडे वळवळताना दिसले तर वेगळं औषध विचार. आणि खुराड्यातला तो भिजका भुसा उपस आधी! ओल-ऊब मिळाली की शिटेतली जंतांची अंडी दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, कोंबडी परत टिपते, की पहिले पाढे पंचावन्न. पिल्लंही वेगळी ठेव. मोठ्या कोंबड्या पोटात जंत बाळगून धडधाकट फिरतात, भोगतात तीन महिन्यांच्या आतली."

"बरं."

"आणि औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही विचारून घे."

"आक्का... तुम्ही मंगळवारी नेलीत ती सहा अंडी?"

"अगं बाई! त्यांचं तर ऑम्लेट झालं!"