छाटणीकाका

प्रत्येक कॉलनीत एक छाटणीकाका असतातच. बँकेतून निवृत्त, डोक्याला कानटोपी, पायजम्याच्या खिशात सिकेटर. ते सकाळी फिरायला निघाले की लोक कुंपणाबाहेर गेलेल्या आपल्या जास्वंदी आत ओढून घेतात.

जास्वंद, मेंदी म्हणजे काकांचा हातचा मळ. जीव सगळा दारातल्या झुकत्या बॉटलब्रशवर. झाड मूळचं ऑस्ट्रेलियातलं. लोंबत्या फांद्यांच्या टोकाला लाल तुरे. ते आपलं आपण झुकतं, असं चुकून म्हणालात तर फाटकापाशीच धरलं जाल. "अहो, झुकायला आधी ताठ उभं राहावं लागतं!" मग बांबू रोवण्यापासून सुरुवात. शेंडा सुतळीनं बांधायचा तो इंग्रजी आठच्या आकड्यात, म्हणजे साल काचत नाही. खोड डोक्याच्या वर गेलं की शेंडा मोकळा सोडायचा. खालच्या फांद्या एकदम साफ करायच्या नाहीत, दरवर्षी थोड्या काढायच्या. त्यांच्याच जिवावर खोड जाड होतं. हे सांगताना काकांच्या आवाजात जी माया येते, ती त्यांच्या मुलानं कधी ऐकलेली नाही. त्यालाही बांबूला बांधूनच वाढवला. मोकळा सोडल्याबरोबर तो बंगळुरूला गेला.

काकांचं ज्ञान पक्कं आहे, हीच पंचाईत. सोसायटीनं भिंतीलगतच्या खोट्या अशोकांचे शेंडे मारले, तेव्हा ते वार्षिक सभेत गरजले, "एकेकाला चार-चार डोकी फुटतील!" फुटली. तेव्हापासून पाण्याच्या टाकीच्या विषयावरही त्यांना कोणी अडवत नाही. शेजाऱ्यानं आंब्याला कुऱ्हाड लावायचं नुसतं मनात आणलं, तर काका १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा घेऊन दारात. स्वतःच्या झाडाला मात्र ते कापत नाहीत, 'आकार देतात'.

बॉटलब्रश छाटायचा तो बहर ओसरल्यावर, सुकलेल्या तुऱ्याच्या किंचित मागे. टोकं थंडीत उडवली की पुढचा बहर गेलाच. हा नियम काकांनी अख्ख्या गल्लीकडून पाठ करून घेतला आहे. पण डिसेंबरात मुलगा-सून येणार असतात. "जरा नीटनेटकं करतो," म्हणत काका उजवीकडची एक फांदी उडवतात. मागे सरकून, डोळे बारीक करून बघतात. आता डावी बाजू जड. डावीकडची उडवतात. आता उजवी. पोराचे कल्ले सारखे करणाऱ्या न्हाव्यासारखं हे दिवेलागणीपर्यंत चालतं. माळी बिचारा फांद्या गोळा करतो आणि अधूनमधून "झ्याक झालंय, काका" म्हणतो. पगार त्या दुसऱ्या कामाचाच. शेवटी काकू चहाचा कप घेऊन येतात आणि विचारतात, "अहो, झाड कुठंय?"

मार्च उजाडतो. काकांच्या झाडाला औषधाला तुरा नाही. "हवामान बिघडलंय हो सगळं," काका सांगतात. पंपाच्या खोलीमागे सोसायटीचा एक बेवारशी बॉटलब्रश आहे. त्याला ना कधी बांबू, ना सुतळी. तो जमिनीपर्यंत लालेलाल होऊन लोंबतोय आणि शिंजीर पक्षी त्याला उलटे लटकलेत. काका त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहतात. मग हात खिशात जातो.

"याच्याकडं कुणी बघतच नाही वाटतं. जरा आकार द्यायला हवा."