ब्युरेट न पाहिलेल्या मुलांच्या कोचिंग क्लासच्या संचालकांना खुले पत्र

माननीय संचालक सर,

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी बहिःस्थ परीक्षक म्हणून जातो. तुमची ‘इंटिग्रेटेड’ मुलं मला लांबूनच ओळखू येतात. तोंडी परीक्षेत रिडॉक्सची समीकरणं धडाधड सांगतात आणि समोर ब्युरेट आली की थबकतात.

गेल्या वर्षी अशाच एका मुलीने ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट भरलं. नरसाळं वरच राहिलं, तोटीत हवेचा बुडबुडा तसाच. फ्लास्क न हलवता तिने धार सोडली आणि क्षणात सगळं गडद जांभळं झालं. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, द्रावण गडद असल्याने त्याची वरची कड वाचायची, हे सगळं तिला पाठ होतं. हाताला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. बिचारी रडवेली झाली. तिच्या जर्नलमध्ये मात्र तिन्ही रीडिंग्ज तंतोतंत जुळत होती, तारखा आणि सह्यांसकट. ते जर्नल कसं तयार झालं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

या मुलीने दहावीनंतर सायन्स निवडलं होतं. तिला सायन्स मिळालं का, सर? ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे नाव एका कॉलेजच्या पटावर, मूल दिवसभर तुमच्या वर्गात, आणि लॅबला कुलूप. लेखी 70 गुणांची, प्रॅक्टिकल 30 गुणांचं. त्या तिसाबद्दल तुमच्या काउन्सेलरचं ठरलेलं वाक्य असतं, ‘ते आम्ही बघून घेऊ.’ पालक त्या वाक्यावर निर्धास्त होऊन चेक फाडतात.

निवड तरी तुम्ही मुलांची कुठे राहू दिलीत? माझ्या ओळखीच्या एका मुलाला इलेक्ट्रॉनिक्सचं बायफोकल घ्यायचं होतं. 200 गुणांचा विषय, हाताने सर्किट जोडायला मिळतं, म्हणून हौसेने तो ठरवून आला होता. तुमच्याकडे त्याला ऐकवलं गेलं, ‘जेईईला त्याचा काय उपयोग?’ पाच मिनिटांत त्याचा फॉर्म बदलला. जेईई मेनमधून अ‍ॅडव्हान्स्डला पात्र ठरतात सुमारे अडीच लाख मुलं; मेनला दहा लाखांहून जास्त बसतात. उरलेल्यांपैकी बरीच मुलं सीईटी देऊन इंजिनिअरिंगला जातात आणि तिथे पहिल्याच सत्रात प्रयोगशाळेत उभी राहतात. त्यांना तिथे काय उपयोगी पडणार होतं, याचा विचार तुमच्या तक्त्यात बसत नाही.

राज्य सरकारने 2018 साली सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती नेमकी तुमच्यासारख्यांमुळे. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या, की सोळा वर्षांखालच्या मुलाला कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये. तुमच्या फाउंडेशन बॅचमधली आठवीची मुलं तेरा वर्षांची आहेत. त्या बॅचची पाटी अजून दारावर आहे.

तुमच्याशी करार करणारी कॉलेजंही तितकीच दोषी आहेत, आणि त्या जर्नलांवर सह्या करणारे माझे व्यवसायबंधूसुद्धा. पण कराराचा मसुदा तुमच्या टेबलावरून निघतो. अवघड परीक्षेची तयारी करून घेण्यात काहीच वावगं नाही. ती संध्याकाळी करा, सुट्टीत करा. कॉलेजचे तास आणि लॅब मुलांना परत द्या.

यंदा चौकात टॉपर्सच्या फोटोंचं होर्डिंग लावाल, तेव्हा प्रयोगशाळेचं वेळापत्रकही छापा: आठवड्याला किती तास, कोणत्या खोलीत, शिकवणार कोण. पालक चौकशीला आले की एसी केबिनच्या आधी त्यांना त्या खोलीत न्या.

राहता राहिलो मी. येत्या प्रॅक्टिकलला टेबलावर जे होईल, त्याचेच गुण देईन. आदल्या दिवशी फोन करू नका.

एक परीक्षक